वाघझरीच्या ओढ्यात भरलेली ओटी

तीर्थरूप दादा,

तुमच्या धाकट्या बहिणीचा, अयोध्येचा, लातूरहून वाकून नमस्कार. (वाकताना गुडघा वाजतो. तो आवाज नायगावपर्यंत आला तर तोही नमस्कारातच धरावा.) तुमची साखर आटोक्यात आहे ना? की कस्तुरावहिनी देवपूजेला बसल्या की अजून डब्यातली गुळाची भेली कमी होते? वहिनींची कंबर कशी आहे? इकडे सगळे ठीक. तुमचे दाजी रोज पेपर वाचतात आणि रोज देशावर रागावतात, म्हणजे तब्येत उत्तम आहे. तुमची पुनम बारावीला माझ्याकडे राहिली, तशीच अजून आहे. खाते, अभ्यास करते, मला फोन वापरायला शिकवते आणि शिकवताना रागावत नाही. मी मात्र तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवताना रोज रागावत असे.

एवढे सगळे फोनवर का नाही, असे तुम्ही विचाराल. दादा, फोनवर ‘पाणी’ हा शब्द आला की तुमच्याकडची रेंज जाते. चार वेळा गेली. कागदाची रेंज जात नाही, म्हणून कागद.

तर पुनमला घेऊन माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जाते, असे मी तुम्हाला कळवले होते. ते खरेच होते. फक्त वाटेत किनवटच्या पुढे, जंगलाच्या अलीकडे, आम्ही थोडे थांबलो. तिथे वाघझरी म्हणून एक ओढा आहे. लांबी म्हणाल तर आपल्या मळ्यापासून मारुतीच्या पारापर्यंत; पण तेवढ्यात तो चार वेळा खडकावरून खाली उडी मारतो. उन्हाळ्यात त्यात शेळीचे खूरसुद्धा भिजत नाहीत. श्रावणात मात्र असा गर्जतो की शेजारच्या माणसाशी हातवारे करून बोलावे लागते. थांबण्याचे कारण असे, की पुनम त्या ओढ्यातून होडीने खाली येणार होती.

आता पत्र खाली ठेवू नका. चष्मा नीट करा आणि पुढे वाचा.

होडी म्हणजे आपली होडी नव्हे. केशरी रंगाची, प्लास्टिकची, कारल्यासारखी दोन्हीकडे निमुळती. तिला कयाक म्हणतात. एकच माणूस मावते, तेही पाय लांब करून. वर कमरेला एक रबरी घागरा असतो. त्याची कड होडीच्या तोंडावर ताणून बसवली की आत थेंब जात नाही. हे सगळे पुनमला शिकवले पंचाक्षरी सरांनी, निलंग्याकडचे आहेत. लातूरच्या पोहण्याच्या तलावात त्यांचा क्लब आहे. (ज्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येते तिथे होडीचा क्लब काढणाऱ्या माणसाच्या श्रद्धेपुढे मला तरी वाद घालता आला नाही.) पुरात अडकलेल्या माणसांना काढायचे महिनाभराचे शिक्षण उत्तराखंडात आहे. त्यासाठी सर एकच मूल निवडणार होते, आणि वाघझरी ही त्याची परीक्षा.

माझा तिथे काही उपयोग नव्हता, हे मला ठाऊक होते. पण आपल्या आईने नवे पाणी कधी रिकाम्या हाताने ओलांडले नाही, तेव्हा मी ओढ्याची ओटी भरायला नारळ, हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी सगळे घेऊन गेले होते. काठावर पंचफुलाबाई म्हणून एक म्हातारी शेळ्या राखत होती. ती माझे ताट बघून म्हणाली, “पान्याची काहून भरून राहिली बाई? जानाऱ्या लेकीची भर. पानी आपलं आपन घेते.”

मला हे लाख पटले. पुनम तोवर होडीत बसली होती, घागरा ताणून झाला होता. मांडीवर पसरलेला तो घागरा अगदी पदरासारखा दिसत होता, दादा. मी हळदीकुंकू लावले (हेल्मेटच्या कडेखाली कसेबसे बोट गेले) आणि ओटी भरली. पुनम म्हणाली, “आत्या, आत्ता?” मी म्हटले, “भरलेली ओटी घरी जाईपर्यंत खाली ठेवायची नसते.” पोरीने वाद घातला नाही. घागऱ्याची कड उचलली, खण, नारळ आणि सुपारी-हळकुंड आत गुडघ्यांमध्ये सारले, कड पुन्हा बसवली. पंचाक्षरी सर दुसऱ्या मुलांना सूचना देत होते. त्यांनी वळून फक्त घागऱ्यावर उरलेले ओले तांदूळ पाहिले आणि बहुधा ते पक्ष्यांसाठी आहेत असे समजले.

पहिला खडक तिने असा उतरला, जशी गाय गोठ्यात जाते. दुसरा तसाच. तिसऱ्यावर होडी उलटली. दादा, मी काठावरून चालले नव्हते, धावले होते, या गुडघ्यांनी. फेसातून पहिल्यांदा वर काय आले, तर नारळ. एकटा नारळ, गरगर फिरत. मागोमाग आलेली पंचफुलाबाई कानाशी ओरडली, “घेतलं बघ पान्यानं आपलं.” खणाचे टोक कडेत अडकून बाहेर राहिले होते, त्या फटीतून पाणी आत शिरून कड सुटली होती. म्हणजे पोरीला पाण्याने नाही, मी बुडवले होते. मला चार मोजता आले असतील, जास्त नाही. तेवढ्यात वल्हे वर आले, मग हेल्मेट, मग पुनम. पाण्याने भरलेली ती जड होडी तिने सरळ केली आणि तशीच चौथ्या खडकावरून खाली आणली. काठाला लागल्यावर तिने धापा टाकत विचारले, “आत्या, ओटी सांडली. चालतं का?”

सरांनी खण ओढून बाहेर काढला. आधी खणाकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. म्हणाले, “मॅडम, रिकामी होडी कुणीही सरळ करतं. भरलेली करणारी हीच.” निवड तिची झाली. (पुढच्या वेळी ओटी उतरल्यावर भरावी, असेही म्हणाले. चांगल्या घरचे आहेत.)

त्या चार मोजण्यात मला काय आठवले, सांगू? मी आठवीत होते. पोळ्याला घरी आले आणि आपल्या गावच्या ओढ्याला पूर आला. दुसऱ्या दिवशी नांदेडच्या कॉन्व्हेंटमध्ये माझी परीक्षा. बाबा म्हणाले, राहू दे यंदा. तुम्ही सोळा वर्षांचे. गुऱ्हाळातली गूळ आटवायची ती अवाढव्य काहील पहाटे पाण्यात लोटलीत, मला दप्तरासकट आत बसवलेत आणि काठ धरून पोहत पलीकडे नेलेत. मी रडत होते. तुम्ही म्हणालात, “डोळे मिट, अयोध्ये. पन दप्तर सोडू नको.” घरी बैलगाडीने लांबच्या पुलावरून गेलो असे सांगितले. सिस्टरने ओल्या वहीबद्दल मला छडी मारली. तुम्ही नेले नसते तर मी पुढे शिकले नसते, दादा. पोरीच्या जातीने पाण्याशी खेळू नये, असे तुम्ही आता म्हणता. तुम्हाला भीती वाटते, मला कळते. मलाही वाटली. पण ती ज्यांची लेक आहे ते मला ठाऊक आहेत.

वहिनींना नमस्कार. गुळाला हात लावू नये.

तुमची,
अयोध्या

ता. क. पुनम अजून अठराची नाही, म्हणून सोबतच्या फॉर्मवर वडिलांची सही लागते. पेन्सिलीने खूण केली आहे.

ता. क. २. खण वाळवून ठेवला आहे. नारळ सापडला नाही.

ता. क. ३. तिथून पुढे माहूरला खरेच गेलो. देवीपुढे मी तुमच्यासाठी काही मागितले. काय, ते सही आल्यावर सांगेन.

ता. क. ४. फॉर्ममध्ये एक रकाना आहे: ‘घरात कुणाला पुराच्या पाण्याचा अनुभव आहे काय?’ तिथे मी तुमचे नाव लिहून टाकले आहे. साधन म्हणून ‘काहील’. वहिनींना आजपर्यंत मी यातले अक्षर सांगितलेले नाही. पण सहीची जागा नेमकी त्या रकान्याखालीच आहे, तेव्हा त्या पूजेतून उठायच्या आत केलेली बरी.