डिकीतली पाकिटं

मंगळवार, संध्याकाळ. चामराजपुरम.

आज बैलकुप्प्याला जाऊन आले. तिबेटी वसाहतीतल्या ताशीकाकांचं कुरण अजून पिवळंच आहे. गाईंच्या बरगड्या दिसतात. एक गाय तर त्यांनी विकूनही टाकली.

हवेतला नत्र गवताला पुरवणारे जिवाणू मीच त्यांना दिले होते. 'आता युरिया अजिबात टाकायचा नाही' हेही मीच बजावलं. पण त्या दिवशी त्यांच्याकडे जायच्या आधी नंजनगूडला मीटिंग लांबली आणि पाकिटं गाडीच्या डिकीत राहिली. चार तास, भर उन्हात. एवढ्या उष्णतेत जिवाणू मरतात हे मला माहीत नव्हतं? तरी दिली. का? नवीन आणायला पुन्हा कोण जाणार, म्हणून. बस, एवढंच.

काका म्हणाले, "मॅडम, माझंच काहीतरी चुकलं असणार."

मी डिकीचं नावही काढलं नाही.

निघताना त्यांनी गोठ्यामागचा सावलीतला कोपरा दाखवला. कुरणात टाकेपर्यंत दोन दिवस पाकिटं तिथे ओल्या गोणपाटात ठेवली होती. गोणपाट वाळू नये म्हणून ते सारखे पाणी शिंपडत होते.

"यांना ऊन लागू द्यायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

मी हो म्हटलं.