फार चांगला माणूस आहे, ठेवून घ्या

तीर्थरूप मामांस,

इस्त्रीच्या टेबलावरूनच साष्टांग नमस्कार. मामींचे गुडघे आणि तुमच्या लॉन्ड्रीचा बॉयलर, दोन्ही कुरकुरत का होईना, चालू असतील अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त मी हबकलो आहे.

तुम्ही दोन पाठपोट कागद भरून स्तुती केलेला इस्त्रीवाला आला. (एवढी स्तुती तुम्ही माझं लग्न ठरवतानाही केली नव्हती.) चौथ्याच दिवशी त्याने हेडमास्तरांच्या कोटाच्या पाठीवर गरम इस्त्री टेकवली आणि चहाला गेला. परत आला तोवर कोटाला खिडकी पडली होती. मी ओरडलो, तर म्हणतो कसा, "मामांकडे तीन जळाले, तेव्हाच ते म्हणाले, भाच्याकडे जा." सख्खा मामा स्वतःला नको झालेला माणूस माझ्या गळ्यात मारतो, आणि तोही इतक्या सुरेख अक्षरात!

मी कानाला खडा लावला. माणसाच्या हातात काय आहे ते त्याचं त्यालाच ठाऊक, आपल्याला दारात दिसत नाही. चाचणीच्या एका शर्टवर तर सगळेच जीव ओततात. खरा हात दोनशेव्या शर्टला कळतो. म्हणून बाहेर पाटी लावली: पदवीधर हवा, दहा वर्षांचा अनुभव हवा. (पदवीचा आणि कॉलरचा काय संबंध, असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, जे दिसत नाही त्याच्याऐवजी जे दिसतं ते मागायचं.) सहा पदवीधर आले. सहाव्याने शर्टची घडी घालण्याआधी कागद मागून आकृती काढली.

मग एक बाई आली. पदवी नाही, जुन्या मालकाचा, एका हॉटेलच्या मॅनेजरचा, बंद लिफाफा तेवढा होता. आत लिहिलेलं: आळशी, भांडखोर, घेऊ नये. मी फोन केला, तर तो अर्धा तास काकुळतीला येऊन सांगत होता, घेऊ नका, पस्तावाल. तेव्हा माझी ट्यूब पेटली. ओळख ना पाळख, याला माझ्या नुकसानीची एवढी काळजी का? मी तिला त्याच दिवशी कामावर घेतलं. मामा, दोनशेवा शर्टही पहिल्यासारखा! आठवड्याने तो मॅनेजर स्वतः दुकानात आला आणि माझ्यादेखत, परत चल म्हणून तिची मनधरणी करू लागला. असं धडधडीत खोटं लिहून! इतकी निर्लज्ज माणसं असतात, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

तुमचा (अजूनही) भाचा

ता. क. विशेष काही नाही. या बाईच्या मुलीला तुमच्या गावच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला आहे, म्हणून बाई महिनाअखेरीस तिकडे येते आहे. तुमच्याकडे काम मागेल. अत्यंत आळशी आहे. भांडखोरही. घेऊ नका, पस्तावाल.

ता. ता. क. वरचं बायकोने वाचलं. तिने मॅनेजरचा लिफाफा आणून या पत्राशेजारी ठेवला. मला माझीच शरम वाटली. खरं लिहितो, बाई गुणाची आहे, घ्या तिला. पण मी स्तुती केली की तुम्ही काय समजाल ते मला ठाऊक आहे. म्हणून सोबत तिने इस्त्री केलेला माझा शर्ट पाठवतो. पाठ नीट पाहा.

आणखी एक. ती तिथे रमली की कळवा. सरळ लिहू नका, माझा विश्वास बसणार नाही. चांगल्या चार शिव्या घालून लिहा. तिचं बरं चाललंय असं मी समजेन.