तुम्ही हौद रिकामा केलात

बाबा, गेल्या आठवड्यात मी पुन्हा समुद्राकाठच्या त्या लॉजवर जाऊन आलो. त्याला र्‍योकान म्हणतात हे मी तेव्हा तुम्हाला दोनदा सांगितलं होतं आणि तुम्ही शेवटपर्यंत लॉजच म्हणालात. आमच्या प्रयोगशाळेची वर्षातून एकदा सहल निघते. या वेळी विद्यार्थ्यांनी नेमकी हीच जागा शोधून काढली. दुसरीकडे जाऊ या, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण कारण काय सांगणार? तिथे मी माझ्या वडिलांना चारचौघांत झापलं होतं, हे काही विद्यार्थ्यांना सांगण्यासारखं नाही. गप्प बसलो आणि गाडीत बसलो.

जपानातल्या त्या मोठ्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी तुम्ही माझ्याकडे त्सुकुबाला आलात. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. 'तिकडे आता कशाला जाताय' म्हणून सगळे नातेवाईक मागे लागले होते, आणि तुम्ही मात्र बॅगेत भाजणी, मेतकूट आणि एक पान्हा घेऊन हजर. स्वयंपाकघरातला नळ गळतो असं मी फोनवर सहज बोलून गेलो होतो, म्हणून पान्हा! इथेही पान्हे मिळतात म्हटलं तर म्हणालात, "मिळत असतील. हाताला सवयीचा हवा." तीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात काढलेला माणूस तुम्ही. कुणाच्या घरी गेलात तरी आधी मोरीतला टपकणारा नळ आवळायचा आणि मग चहाला बसायचं. मला आयुष्यात एकदाच मारलंत, तेही गच्चीवरची टाकी तासभर वाहू दिली म्हणून. मी तेव्हा चौथीत होतो, आणि तुमचा राग रास्त आहे हे मला मार खातानाही कळत होतं.

त्या लॉजच्या तळमजल्यात त्सुनामीची लाट शिरून गेली होती. जिन्याच्या भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीला पाण्याची रेघ होती, ती मालकीणबाईंनी पुसली नव्हती. पाचच खोल्या उघडल्या होत्या. भूकंपानंतर गरम पाण्याचा झराही आटत आला होता. मोठा सार्वजनिक हौद कसाबसा भरायचा, आणि घरच्या माणसांसाठी जो वेगळा लहान लाकडी हौद होता तो भरायला दुपारपासून संध्याकाळ लागायची. चार परक्या पुरुषांत उघडं बसणं तुम्हाला जमणार नव्हतं, म्हणून मी तो लहान हौद अर्ध्या तासासाठी मागून घेतला. तुम्हाला नीट समजावलं. आधी बाहेर स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची, मग नुसतं पाण्यात बसायचं. पाणी सोडायचं नाही, तेच पाणी पुढच्यांना. तुम्ही हसलात. "म्हणजे उष्टं पाणी?" "उष्टं नाही बाबा, आधी धुऊनच आत जातात." "बरं, नाही सोडत." तीनदा सांगितलं, तीनदा तुम्ही बरं म्हणालात.

तुमच्यानंतर एका म्हातार्‍या जोडप्याची पाळी होती. त्यांचं घर लाटेत गेलं होतं, सरकारने बांधलेल्या तात्पुरत्या खोल्यांत ते राहत होते. मालकीणबाई आठवड्यातून एकदा त्यांना आंघोळीला बोलवायच्या. दोघं छातीशी टॉवेल धरून बाकावर बसलेले. दार उघडून तुम्ही बाहेर येता, केस ओले, किमोनोचा पट्टा कसाही बांधलेला, आणि तुमच्यामागे मला हौदाचा कोरडा तळ दिसतो. नुसता रिकामा नाही, घासलेला. तुमचा पंचा काळा झालेला. मी त्या जोडप्यापुढे, मालकीणबाईंपुढे कमरेत वाकून माफी मागत राहिलो, आणि मध्येच वळून मराठीत तुमच्यावर ओरडलो. "तीनदा सांगितलं होतं! लहान मूल आहात का तुम्ही? आणि आयुष्य पाण्याच्या खात्यात गेलं म्हणे!" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग माझं बघून तुम्हीही वाकलात, जमेल तेवढे. "चुकलं माझं," एवढंच म्हणालात. ती दोघं टॉवेल घेऊन आंघोळीशिवाय परत गेली, जाताना उलट आपल्यालाच नमस्कार करून.

जेवताना मी एक शब्द बोललो नाही. समोर इतके पदार्थ मांडले होते, एकेक विचारायची तुम्हाला कोण हौस, पण तुम्हीही विचारलं नाहीत. सकाळी उठलो तर तुमचं अंथरूण घडी घातलेलं. खाली आलो तर तुम्ही स्वयंपाकघरात मालकीणबाईंसमोर बसून सातूचा चहा पीत होतात. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तुम्हाला जपानी येत नव्हतं, आणि तरी दोघं चांगली ओळख असल्यासारखी बसलेली. मला त्याचाही राग आला. "आता इथे कशाला त्यांच्या कामात?" म्हणालो. तुम्ही निमूट उठलात. परतीच्या गाडीत तुम्ही समुद्राकडे बघत होतात, मी फोनमध्ये बघत होतो.

तुम्ही मे महिन्यात घरी परत गेलात. त्यानंतर दीड वर्षाने मोरीत पडलात, मी धावतपळत आलो, आणि डॉक्टरांनी सांगितलं की प्रोस्टेटचा आजार हाडांपर्यंत गेला आहे. त्यांनी विचारलं, "आजोबा, इतके दिवस लघवीचा काहीच त्रास नव्हता?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "नाही, तसा काही नाही." आठ महिन्यांत सगळं आटोपलं. त्या आठ महिन्यांत मी तुम्हाला भरवलं, तुमची दाढी केली, पण त्या संध्याकाळबद्दल माफी मागितली नाही. इतक्या आजारात ते कुठे उकरून काढा, असं वाटायचं. आणि खरं तर तेव्हाही मला वाटायचं की चूक तुमचीच होती, माझं फक्त बोलणं कडक झालं.

आता मालकीणबाई फार म्हातार्‍या झाल्या आहेत, काठी घेऊन चालतात. विद्यार्थी समुद्रावर गेले तेव्हा त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. "भारतातले वडील आणि मुलगा, एवढे एकच आले होते आमच्याकडे," म्हणाल्या. मी पुन्हा हौदाची माफी मागायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं. मग त्यांनी सांगितलं. त्या सकाळी मी झोपेत असताना तुम्ही खाली गेलात, हाताने खुणावून त्यांना हौदापाशी नेलंत. स्वतःकडे बोट केलंत, पोटाखाली हात ठेवलात, हौदाकडे बोट केलंत, आणि हात जोडलेत. त्यांच्या सासर्‍यांना तोच त्रास होता. गरम पाण्यात बसलं की आवरायचं नाही. त्यांना लगेच कळलं. मग तुम्ही वर, आपल्या खोलीकडे बोट दाखवून ओठांवर बोट ठेवलंत. आणि त्यांच्याकडून ब्रश मागून घेऊन हौद पुन्हा एकदा घासलात.

मी ऐकत होतो आणि मला तुमचे ते तीन 'बरं' आठवत होते. तुम्हाला नियम पक्का माहीत होता. पाण्याचा थेंब वाया घालवणं ज्याच्या जिवावर येतं, त्याने एक अख्खा हौद सोडून दिला, तर का, असं विचारायला किती वेळ लागला असता मला? एक प्रश्न, बाबा. तुम्ही कदाचित मला सांगितलं नसतंत. पण मी विचारलं असतं, तर निदान एखाद्या डॉक्टरकडे नेलं असतं, आणि दीड वर्ष हातात होतं. मी प्रश्न विचारण्याचाच पगार घेतो. तिथे मात्र तुम्हाला गावंढळ ठरवून मोकळा झालो, आणि तुम्ही ते ठरू दिलंत, कारण त्यात तुम्हाला कमी लाज होती.

"तुम्हाला सांगायला हवं होतं का, असं मला अधूनमधून वाटतं," मालकीणबाई म्हणाल्या. "पण त्यांनी नको म्हटलं होतं. वाटलं, घरी गेल्यावर सांगतील. सांगितलं ना त्यांनी? ओतोसान बरे आहेत ना?" ओतोसान म्हणजे वडील, एवढं जपानी तुम्हालाही येत होतं. त्या काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणालो, "हो, सांगितलं. वेळेवर कळलं, उपचार झाले, आता ठणठणीत आहेत." त्यांनी मोठा श्वास सोडला, डोळे पुसले आणि हसल्या.

हे लिहून मी फाडून टाकणार आहे, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. त्यांच्या जिवाला घोर लागू नये म्हणून खोटं बोललो, असं मी वाटभर स्वतःला समजावत आलो. तसं नाही ते. 'वेळेवर कळलं' हे वाक्य मला एकदा तरी कुणाला तरी सांगून बघायचं होतं.