मी तुला पुरले

३ जून
आले एकदाची. खोली वरच्या मजल्यावर, खिडकीखाली भाजीचे वाफे, आणि घरमालकीण म्हणजे साक्षात ताई, जिची गाणी ऐकत मी मोठी झाले. माझी बॅग स्वतः उचलून वर आणली, जिन्यात धापा टाकत मलाच म्हणाल्या, जरा दम खा. काम गाण्यांच्या कंपनीत: प्रत्येक गाण्याखाली चार ओळींत अर्थ लिहायचा. आईच्या मते हा रिकामटेकडा उद्योग. पगार मिळतो हो, आई.

७ जून
साहेबांनी नेमकं ताईंचंच गाणं दिलं. शब्दही त्यांचेच. 'नखांत माती, ओंजळीत रक्त, उजाडेपर्यंत मी तुला पुरले.' अंगावर काटा आला. लिहिलं: ही कबुली आहे, बाईने नवऱ्याला संपवून परसात पुरलं. 'परसात' ही माझी भर. ताई खालीच वाफ्यांना पाणी घालत होत्या. विचारलं नाही. विचारून लिहायचं तर माझी हुशारी ती काय?

१२ जून
गाणं जो तो ऐकतोय. साहेब खूश. ऑफिसात मला 'गुप्तहेर' म्हणतात. पाय जमिनीवर नाहीत.

१५ जून
दुपारी माणसं फाटक ढकलून आत शिरली, फावडी घेऊन. हसत होती, व्हिडिओ काढत होती. वाफे तुडवले, मधोमध खड्डा खणला. काही निघालं नाही, तरी खणत राहिली. ताई दारात उभ्या होत्या. मी पडद्यामागे.

१६ जून
ताईंनी खाली बोलावून सांगितलं. नवरा आजारी होता, रात्रभर खोकताना रक्त पडायचं, ते त्या उजाडेपर्यंत ओंजळीत धरायच्या. दिवसा भाजी पिकवायच्या, त्यावर घर चालायचं. कुणी मदतीला आलं नाही. 'मी तुला पुरले', म्हणजे मी एकटी तुला पुरेशी झाले. एवढा साधा शब्द. मी शब्दांवर पोट भरते, आणि हा अर्थ माझ्या डोक्यातही आला नाही. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, एकदा विचारायचंस गं. शरमेने मान वर होईना.

१७ जून
साहेबांना म्हटलं, अर्थ बदलू या. ते म्हणाले, चांगलं चाललंय त्यात माती कशाला कालवतेस. अर्थ तसाच ठेवला. नोकरी नवी आहे. लिहितानाही लाज वाटते.

२१ जून
ताई गेल्या. वाफे खणले त्या दिवसापासून अन्नाला शिवल्या नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. वयाने नाही गेल्या. मला ठाऊक आहे.

२४ जून
खड्डा मी स्वतः बुजवला होता. आज पुन्हा उघडा, आधीपेक्षा खोल.
भर दुपारी त्यातून गाणं. ताईंचा आवाज.

२५ जून
शब्द कळतात आता. जुने नाहीत. 'अजून पुरले नाही. तुला अजून पुरले नाही.'
त्या मला कमी पडल्या, म्हणतात? की —
या वेळी अर्थ लावायची माझी छाती नाही.

२६ जून
अर्थ काढून टाकला. साहेबांना न विचारता. नोकरी गेली, जाऊ दे.
गाणं थांबत नाही. जिन्यात ओली माती —

२७ जून
आवाज दाराशी आलाय. हाक नाही, नुसतं गाणं.
पळून कुठे — आणि कुठल्या तोंडाने —
दार उघडते. आधी विचारते. ताई, कुठल्या अर्थाने पुर