हातोडा आणि अलॉय व्हील

तात्या, माई,

टायरच्या दुकानात मुलगी का बसत नाही? "हिंमत असेल तर घरी विचारून दाखव," म्हणाल्या मैत्रिणी, म्हणून विचारते.

तात्या, काल धामणकर नाक्यावर आपल्या दुकानात डबा द्यायला आले, तर तुम्ही त्या गिऱ्हाइकाचं वाकलेलं अलॉय व्हील हातोड्याने ठोकायला निघालेलात. मी ओरडलेच, "थांबा, हे स्टील नाही, तडकेल!" गिऱ्हाईक हसून म्हणालं, "शेठ, आता पोरीलाच बसवा गल्ल्यावर!" तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

अहो, स्टील ठोकून सरळ होतं, आपल्या खड्ड्यांना तेच बरं, हे तुम्हीच शिकवलंत. अलॉय हलकं, देखणं, पण आपल्याकडे आत्ता आत्ता यायला लागलंय. मीसुद्धा मासिकातच वाचलं. त्यात रागवायचं काय?

शाळेत निघालेय. दहावीनंतर डी.एड.ची वाट नको, मी मेकॅनिकल डिप्लोमा करणार. ठरलंय माझं.

सुचेता