माठ भरलेले असताना

आबा, माझा आवाज मागायला काल एक मुलगी घरी आली होती. तुम्हाला हे नीट सांगायला हवं. आता पुस्तकं नुसती ऐकता येतात. इंटरनेटवर एक जागा आहे, कुणीही तिथं जावं आणि हवं ते पुस्तक फुकट ऐकावं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, ज्यांना वाचायला येत नाही, ज्यांना दुपारी पडल्या पडल्या कुणाचा तरी आवाज हवा असतो, सगळ्यांना ती जागा मोकळी. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथं पुस्तकं वाचायला लागले. तुमची पाणपोईच म्हणा ना, फक्त रांजणाच्या जागी मी. तर ती जागा चालवणारी ही मुलगी. गुणी आहे, पदरमोड करते. तिनं माझ्यापुढे एक कागद ठेवला. पुस्तकाच्या आधी मी दोन वाक्यं बोलायची होती: 'आज तुम्ही मदत केली नाहीत, तर उद्या हा आवाज बंद होईल.' मी म्हटलं, "अगं, या वर्षाची सोय झालीये असं तूच परवा सांगितलंस ना?" ती हसली. "ताई, खरं सांगितलं तर कुणी देत नाही हो. आणि तुमच्या आवाजात सांगितलं की देतात." उद्या कळवते, असं सांगून मी तिला वाटेला लावलं. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही.

धुळ्याच्या स्टँडबाहेर आग्रा रोडला तुमचे सहा रांजण. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ते मांडलेत. भोवती ओलं गोणपाट, पाण्यात वाळा, हातात लांब दांड्याचं ओगराळं. पैशाची पेटी मागच्या बाजूला, पाणी पिऊन वळलेल्या माणसाला दिसली तर दिसली. कॉलेजात असताना मी एकदा शहाणपणा करून ती पुढं आणून ठेवली, तर तुम्ही सगळ्यांदेखत मला झापलंत. "तहानेल मानूसले पेटी दखाडू नको. पहिले पानी पिऊ दे." मी दोन दिवस फुगून बसले होते. तुम्ही ढुंकून पाहिलं नाहीत.

मग तो आदल्या पावसानं दगा दिलेला उन्हाळा आला. नळ आटले, टँकर विकत घ्यावा लागला, आणि मागितल्याशिवाय तुमचंही भागेना. लग्नाला भोंगे भाड्यानं देणारे एक दुकानदार, सगळे त्यांना भाऊ म्हणत, पाणपोईच्या मंडळात होते. पाणपोईवर लावायला तुमचं बोलणं भरून घ्यावं म्हणून ते टेपरेकॉर्डर घेऊन घरी आले. तुम्हाला ताप होता, ओठ फुटले होते. माय पेला घेऊन शेजारी उभी. तुम्ही हात पुढं केलात तर भाऊ म्हणाले, "आबा, आत्ताच नका पिऊ. घसा कोरडा आहे तोवर बोलून घ्या. ऐकणाऱ्याला पाझर फुटला पाहिजे." तुम्ही मायला हातानं थांबवलंत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी बोललात, "भाऊ, पहिले पानी पी ल्या. मी आठेच बसेल शे. सकाय पानी ऱ्हाई का नही, माले माहीत नही. जे जमी ते द्या." मी इथंच बसलोय, उद्या पाणी असेल की नाही ठाऊक नाही. त्या दिवशी त्यातला शब्द न् शब्द खरा होता. वाक्य संपलं तसा मायनं पेला पुढं केला आणि तिच्या बांगड्या वाजल्या, त्याही टेपमध्ये आल्या. भाऊंनी दुकानात तेच बोलणं कॅसेटच्या दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा भरलं. बांगड्या वाजल्या, की तुम्ही पुन्हा पहिल्यापासून.

पावसाळ्याच्या तोंडाशी तुम्ही गेलात.

मी तेव्हा जळगावला राहत होते. पुढच्या उन्हाळ्यात शेजारणीचा निरोप आला: तुझी माय घरात पाणी पीत नाही, येऊन बघ. मी मिळेल ती एसटी धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, खिडकीतून नुसत्या झळा. धुळ्याला उतरले तेव्हा भर दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही, रिक्षावालेही सावलीला गेलेले. आणि त्या शुकशुकाटात तुम्ही बोललात. मी आठेच बसेल शे.

पिशवी हातातून कधी पडली ते कळलं नाही. तुमच्या वर्षश्राद्धाला महिनाही उरला नव्हता, आणि तुम्ही स्टँडबाहेर बसून पाणी पाजत होता. मी आवाजाच्या दिशेनं गेले. नवी पत्र्याची शेड, तिच्या वळचणीला कर्णा. नगरपालिकेनं तोवर नळ दिलेला होता, सगळे रांजण काठोकाठ. पेटी अगदी पुढं, पाण्याच्याही आधी. खेड्यावरून आलेली एक म्हातारी शेडभोवती फिरत होती. मला म्हणाली, "आबा कथा शेतस वं माय? आते त बोली राहिनात. मी कवळनी ओ दी राहिनू." तुम्ही आत्ता तर बोलत होतात, ती कधीची ओ देत होती, मग तुम्ही गेलात कुठं? तिनं पदराची गाठ सोडून पेटीत पैसे टाकले आणि कर्ण्याला हात जोडले.

शेडमागच्या बाकावर माय बसली होती, डोक्यावरून पदर, हात मांडीवर. मोकळे, भुंडे हात. तुम्ही 'पहिले पानी पी ल्या' म्हणालात की ती घोटभर पाणी पी. तुमचं बोलणं संपलं की तिच्या बांगड्या वाजत, वरून, पत्र्याच्या कर्ण्यातून, आणि ती आपल्या मनगटांकडे बघे. मी म्हटलं, "माय, घरी चल. घरी पी पाणी." ती शांतपणे म्हणाली, "घर कोन सांगस माले पी म्हनीसन?" घरी तिला पी म्हणणारं कोण होतं, हे खरंच. पण लाईट गेली की भोंगा बंद, आणि ती येईपर्यंत मायचा घसा कोरडा. धुळ्याच्या त्या उन्हात ती अशी किती टिकली असती? ओठ तुमच्यासारखेच फुटले होते.

मी भाऊंना गाठलं. माणूस वाईट नव्हता, आबा, म्हणून तर पंचाईत. त्यांनी पेटीतली पैसुद्धा खाल्ली नाही. त्यातून शेड आली, बाकं आली, धर्मशाळेपुढं दुसरी पाणपोई आली. मी म्हटलं, "भाऊ, आबा नाहीत, आणि उद्या पाणीही आहे. मग हे काय चाललंय?" ते म्हणाले, "ताई, आबांनी खोटं थोडंच सांगितलं? त्यांचं बोलणं आहे तसं लावतो. एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही." शब्द तुमचे, आवाज तुमचा, काम चांगलं. आणि तरी गेलेल्या माणसाला दिवसभर उन्हात बसवून मागायला लावलं होतं. मी म्हटलं, "बंद करा." ते म्हणाले, "बंद केलं तर तुमची माय पाणी पिईल का, ते आधी सांगा."

तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. या खेपेला भाऊंनी ट्रकची जुनी बॅटरी जोडली, मायसाठीच जोडली असावी. थोडा वेळ नीट चाललं. मग बॅटरी उतरायला लागली आणि तुमचा आवाज जड होत गेला. एकेक शब्द ओढत, घोगरा होत, खोल कुठून तरी, विहिरीच्या तळातून यावा तसा. सऽकाऽऽय पाऽऽनी. पाण्याला आलेले दोघं पेला टाकून मागं सरले. भाऊंना बटण सापडेना. माय तेवढी उठली. ओगराळ्यानं पेला भरला, शेडखालच्या स्टुलावर चढली आणि पेला कर्ण्याच्या तोंडाशी धरला. "त्यास्ले तहान लागनी," ती म्हणाली. "तवळदिन तुम्ही पिऊ नही दिनं. बोलाडी बोलाडी मारं." तापातल्या त्या दिवशी पिऊ न देता बोलायला लावलं, बोलवून बोलवून मारलं, हे भाऊंना होतं. मायनं पाणी कर्ण्यात ओतलं. खरखर झाली, आवाज थांबला. या खेपेला बांगड्या वाजल्या नाहीत. पेल्यात उरलेलं पाणी मायनं तिथंच उभ्या उभ्या पिऊन टाकलं, आणि मला म्हणाली, "चाल घर."

भाऊंनी कॅसेट काढून माझ्या हातात दिली. पेटी पुन्हा मागं गेली. दुसरी पाणपोई पुढच्या उन्हाळ्यात निघाली नाही, हेही सांगायला हवं. तिथं कुणी तहानलेलं परत गेलं असेल, तर ते आपल्या हिशोबी आहे. माय मात्र त्या दिवसापासून घरी पाणी प्यायली, आणि पुढं बरीच वर्षं जगली.

त्या मुलीला मी आज सांगणार आहे: मी मागेन, पण पुस्तक संपल्यावर. या वर्षाचं झालंय, पुढच्या वर्षाचं बघायचंय, असं मागेन. कोणत्या वर्षी बोलतेय तेही सांगेन. आणि मी गेले की हे काढून टाकायचं, तसं तिच्याकडून कबूल करून घेईन. माझ्या मुलानं एखाद्या दुपारी फोन उघडावा आणि मी त्याला म्हणावं की मी इथंच बसलेय, हे मला नको. पैसे कमी येतील. ती नाराज होईल, कदाचित तिचंच बरोबर ठरेल.

हे पत्र कॅसेटच्या डबीत बसणार नाही, कपाटात तिच्याखाली ठेवते. कॅसेट मी कधी लावली नाही. भीती वाटते, पण तुमची नाही. त्या पहिल्या दुपारी, म्हातारी निघून गेल्यावर, मीही पर्स उघडली होती, आबा. माठ भरलेले मला दिसत होते. तुम्हाला पोचवून आलो होतो, तेही ठाऊक होतं. पण तुम्ही मागत होतात, आणि माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही.