सव्वा तासाचं माहेर

प्रिय अण्णा,

तुझं तिकीट काल मोबाईलवर पोचलं. सुरत ते बेळगाव, खिडकीजवळची जागा, नागपंचमीच्या आदल्या दिवसाचं. फोनवर नुसतं "मिळालं" म्हणाले, कारण पुढे बोलले असते तर रडू आलं असतं आणि तू साड्यांचा माग बंद करून विचारत बसला असतास. म्हणून हे पत्र.

सव्वा तासात पोचशील, असं तू दरवेळी सांगतोस, जणू विमान तूच चालवणार आहेस. पण खरंच आहे ते. सहाशे किलोमीटरच्या वर अंतर, आणि चहाचा कप परत देईपर्यंत खाली सांबऱ्याच्या विमानतळाची लाल माती दिसायला लागते. लहानपणी मला सायकलवर मागे बसवून तू तिथे विमान बघायला न्यायचास. कित्येकदा विमान यायचंच नाही. मग कुंपणाशी बसून शेंगा खायच्या आणि वडगावला घरी परत.

आप्पा पंचमीला आत्याला आणायला संकेश्वरला जायचे, तेव्हा एसटीलाही साधारण एवढाच वेळ लागायचा. एका श्रावणात साड्यांची घाई होती, म्हणून आई म्हणाली, यंदा वन्सं आपल्या आपण येतील. आप्पा मागावरून उठलेच. "पोरगी काय पार्सल हाय व्हय, गाडीत घातलं की आलं?" म्हणाले आणि टोपी घालून निघाले. त्यांच्यामागून आत्या गल्लीत शिरायची ती कशी ताठ मानेनं! तेव्हा मला हसू यायचं. आता कळतं.

माझ्या सासूबाई मूळच्या निपाणीच्या. सुरतेत जन्म गेला तरी त्यांची पंचमी सुटलेली नाही. श्रावण लागला की विचारतात, "मुराळी कवा यायचा गं तुझा?" जाऊबाईंचा भाऊ बहिणीला न्यायला कोल्हापूरहून रात्रभर बसनं येतो, सुजलेले पाय घेऊन सोफ्यावर बसतो, आणि जाऊबाई दिवसभर उगाचच हसत असतात. गेल्या वर्षी मी तुझं तिकीट दाखवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "मोबाईलमधनं आला व्हय मुराळी?" थट्टाच होती, मीही हसले. पण मग पाय निघेना. तुला बाळाच्या तापाचं निमित्त सांगितलं.

आई होती तोवर ती तुला ढकलून पाठवायची. ती गेली, आणि मला न्यायला कुणी यायचं असतं हे घरात कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. तुझ्या मनात काही नाही रे, मला ठाऊक आहे. बहिणीला त्रास नको म्हणून तू विमानाचं तिकीट काढतोस, आणि मी इथे वेड्यासारखी दाराकडे बघत बसते. मला आई हवी असते. ती नाही, तर तू तरी.

तर ऐक. त्याच विमानात माझ्या शेजारची जागा मी तुझ्या नावानं घेतली आहे. आणि त्याच्या आदल्या दिवशीचं सांबरा ते सुरत, तुझं एकट्याचं. मागाकडे बघायचं वहिनीनं कबूल केलंय, तेव्हा ती सबब चालणार नाही. पहिल्यांदा विमानात बसताना भीती वाटली तर डोळे मिटून घे. इथे आलास की काही करू नकोस. सोफ्यावर बस, चहा घे आणि सासूबाईंना एवढंच सांग, "रूपाला न्यायला आलोय." मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी असेन. मला ते ऐकायचंय.

तुझीच,
रूपाली